बंद पिशवीतली संक्रांत

"कात्री खाली ठेव! आत्या, कात्री खाली ठेव म्हणते न्हवं मी!"

ही मी ओरडत होते. निपाणीच्या बसमधून उतरून नुकतीच दारात पोचलेली, एक चप्पल पायात, दुसरी उंबऱ्याबाहेर, हातात ओल्या हरभऱ्याची जुडी आणि तोंडातून असा आवाज, की बोळातले चालू माग जागच्या जागी थांबले. देवळाच्या शिखरावरची कबुतरं उडाली ती थेट पलीकडच्या पेठेत, खासबागेत जाऊन बसली. तिकडं कैक कोस लांब गुंजीच्या स्टेशनात उभी असलेली मालगाडी सिग्नल पडायच्या आधीच सुटली, असं सांगतात. कोण सांगतं म्हणाल, तर मीच सांगते. पण इतक्या वेळा सांगितलंय, की आता गुंजीची माणसंही मान डोलावतात.

आत्यानं मान वर केली नाही. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तरुणपणी नवरा गेला तेव्हापासून ती आमच्याच घरात, आणि घर तिच्या मुठीत. ती खिडकीखाली पाय पसरून बसलेली, मांडीवर काळं कापड, ओठांत दोन टाचण्या, हातात ती लोखंडी कात्री, जिच्या पात्यांतून बेळगावातल्या आमच्या अर्ध्या शहापुराची परकर-पोलकी जन्माला आली. टाचण्या ओठांत तशाच ठेवून ती म्हणाली, "बोंबलू नगं, नंदे. रेघ वाकडी हुईल."

त्या रेघेखाली माझा झगा होता. जपानहून आलेला. मी अजून एकदाही तो घालून दाराबाहेर पडले नव्हते.

यंदा हे सगळं पुन्हा वर आलं त्याला कारण थंडी. जानेवारीच्या सकाळी बेळगावच्या स्टँडवर निपाणीच्या बसची वाट बघत उभं राहिलं, की तोंडातून अशी वाफ निघते की आपणच चहाचा टोप आहोत असं वाटावं. हायवेवर उसाचे ट्रॅक्टर आडवे-तिडवे डुलत असतात, संकेश्वरच्या पुढं धुक्यात नुसते त्यांचे लाल कापडाचे तुकडे दिसतात, आणि निपाणी जवळ आली की उघड्या खिडकीतून तंबाखूचा तिखट वास नाकाला चावतो. नेमक्या याच दिवसांत माझ्या फोनवर जपानची दुकानं उघडतात. नव्या वर्षाच्या पिशव्या निघतात. आणि माझा अंगठा, ज्याला आयुष्यात बाकी कसलीच घाई नाही, तो पळत सुटतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तिकडं नवं वर्ष लागलं की दुकानदार उरलेला माल पिशवीत भरतात, पिशवीचं तोंड बंद करतात आणि विकायला ठेवतात. आत काय आहे ते विचारायचं नाही; विचारलं तर सांगणार नाहीत. तिला ते भाग्याची पिशवी म्हणतात. जुने कपडे विकणारी दुकानंही तसल्याच पिशव्या बांधतात, वर्षभर, आणि त्या माझ्यासारखीच्या आवाक्यातल्या. तिकडचाच एक मधला माणूस पिशवी आपल्या नावावर घेतो, खोक्यात घालतो आणि समुद्रापलीकडं पाठवून देतो. मग तुम्ही वाट बघायची. वाट बघणं हाच खरा माल. कपडे ही वरची खिरापत.

मला याचं वेड लागलं तेही बसमध्येच. फोनवर एक जपानी पोरगी दिसली. काळा झगा, त्याला पांढऱ्या लेसची कॉलर, फुगीर बाह्या, खाली झालरीवर झालर, झालरीवर झालर. बेकरीच्या काचेआडचा केक उठून रस्त्यानं चालू लागावा, तशी ती चालत होती. आणि रस्त्यावरचं कुणी तिच्याकडं बघत नव्हतं! मी तेव्हा चाळिशीला टेकलेली. निपाणीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते. वर्षभर अंगात एप्रन, एप्रनला अ‍ॅसिडची भोकं, एवढी की उन्हात उभी राहिले तर माझी सावली चाळणीसारखी पडते. त्या केकाकडं बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं. भूक नव्हती ती. चांगला डबा खाल्ला होता.

आणि दुसरं कारण म्हणजे ती बंद पिशवी. आमच्या बोळात बंद असं काही नसतंच. कुकरच्या शिट्टीवरून शेजारी डाळ कुठली ते सांगतात. दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांवरून घरात पाहुणा कोण आणि तो किती दिवस राहणार, ते कळतं. माझं लग्न मोडलं तेव्हा ते मला कळायच्या आधी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत कळलं होतं. असल्या ठिकाणी, जिच्यात काय आहे ते दुनियेत कुणालाच ठाऊक नाही अशी एक वस्तू माझ्या नावानं समुद्रावर तरंगत येतेय, ही गोष्टच मला महिनोन्‌महिने पुरायची.

आईला ते कधीच पटलं नाही. तिचं गणित वेगळं. "आपण बोहारणीला जुनी लुगडी देतो आन्‌ भांडं घेतो," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "ही पैसे देऊन जुनी घेती! जपानात कुठलीतरी बोहारीण हिच्या नावानं रोज दिवा लावत असंल."

पहिल्या पिशवीत निघाले मोजे. गुडघ्यापर्यंतचे, लेसचे, फुलाफुलांचे. आणि एक उन्हाची छत्री, तीही झालरीची. ती मी बोळात उघडली. बोळ आमचा इतका रुंद, की छत्रीचं एक टोक आमच्या भिंतीला आणि दुसरं समोरच्यांच्या. मागं दुचाकी अडकली, तिच्या मागं दुसरी, आणि रांग म्हणे खासबागेपर्यंत गेली. दुसऱ्या पिशवीत एक परकर. 'सगळ्यांना बसेल' असं त्यावर लिहिलेलं. सगळ्यांना म्हणजे तिथल्या सगळ्यांना. माझ्या दंडात तो वाकीसारखा घट्ट बसला. शिवाय अस्वलाच्या तोंडाची एक पाठीवरची पिशवी. ती आईनं ताब्यात घेतली. आजही आमच्या स्वयंपाकघरात ते अस्वल खुंटीला लटकतंय आणि त्याच्या पोटात लसूण आहे.

तर त्या कात्रीच्या वर्षी मी ठरवलं, की आता नेम धरून दगड मारायचा. दिवाळीनंतर एक पिशवी दिसली. त्यावर एवढंच लिहिलेलं, की आत गडद रंगाचं आहे आणि माप मोठं आहे. मी हिशेब केला. पैशाचा नव्हे, पंचांगाचा.

आमच्या घरात काळ्या रंगाला वर्षभर बंदी. काळं घालून कुणाच्या साखरपुड्याला जाऊन बघा. नवरीची आई तुम्हाला ताटाऐवजी दार दाखवील. पण संक्रांत आली, की एकदम सगळं उलटं. म्हाताऱ्या-कोताऱ्याही काळी लुगडी बाहेर काढतात, नव्या सुना काळ्या साडीवर हलव्याचे दागिने घालून मिरवतात, कपड्याच्या दुकानांच्या काचा कावळ्यांच्या पंगतीसारख्या दिसतात. वर्षातला हा एकच दिवस, ज्या दिवशी मी तो काळा केक अंगावर चढवून शहापुरातून चालले असते, तर कुणाला काही बोलायला तोंड नव्हतं. काळं आहे? आहे. सण आहे? आहे. मग? बाकी झालर किती आणि लेस कुठली, हा माझा खासगी प्रश्न. तो एक दिवस मला हवा होता. मिरवायला नाही हो. नुसतं घरापासून देवळापर्यंत आणि देवळापासून घरापर्यंत, त्या फोनमधल्या पोरीसारखं, कुणाला न भिता चालायला.

पण खोकं येईना. जपानातून सुटलं एवढं कळलं. पुढं ते कुठल्या बंदरात हवा खात बसलं ते त्यालाच ठाऊक. मी लॅबमध्ये पोरांना चंचुपात्रात थेंबथेंब टाकायला शिकवत होते आणि माझा स्वतःचा जीव थेंबथेंब गळत होता. दुकानात तीळ आले. बोरं आली. आईनं गूळ किसायला घेतला. खोकं नाही.

भोगीच्या आदल्या संध्याकाळी ते आलं. आणणाऱ्या माणसानं ते हातात घेऊन हलवलं, कानाला लावलं. "इदराग एन ऐती री?" आत काय आहे, असं त्यानं विचारलं. मी खरं तेच सांगितलं, "ननगू गोत्तिल्ल." मलाही ठाऊक नाही. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं, खोक्याकडं एकदा बघितलं, मग खोकं पायरीवर अलगद ठेवलं आणि दोन पावलं मागं सरकला. सहीसुद्धा त्यानं लांबूनच घेतली.

उघडलं. वर चुरगळलेले कागद, खाली एक टोपी, मनगटाला बांधायच्या लेसच्या पट्ट्या, आणि सगळ्याच्या तळाशी तो.

काळा. गुडघ्याच्या खाली येणारा. पांढऱ्या लेसची कॉलर, पाठीवर बारीक मण्यांसारखी बटणं, तळाशी झालरीचे पदरावर पदर. वास होता कापराचा आणि कुठल्यातरी अनोळखी साबणाचा. खिशात हात घातला तर एक केसांची पिन निघाली. म्हणजे हा कुणीतरी घातला होता. कधीतरी, कुठल्यातरी गावात, एक बाई केसातली पिन काढून खिशात ठेवून विसरली होती. मला अजून ती बाई दिसते. तीही कुठल्यातरी लॅबमध्ये असेल. तिलाही वर्षातला एकच दिवस मिळत असेल. मग तो दिवसही गेला असेल आणि तिनं झगा दुकानात नेऊन दिला असेल.

घालून बघितला. श्वास रोखून एकेक बटण लावलं. बसला! खांद्यात बसला, दंडात बसला, पोटावर थोडा रागावला पण बसला. आरशात मी मला ओळखलं नाही, आणि पहिल्यांदाच त्याचं वाईट वाटलं नाही. आत्या मागून आली, चष्मा कपाळावर चढवून तिनं झग्याला एक फेरी मारली.

"नवा हाय?" तिनं विचारलं.

"न्हाय गं आत्या, वापरलेला हाय. तिकडं कुणीतरी घातलेला."

"हं," आत्या म्हणाली.

त्या 'हं'मध्ये काय शिजत होतं ते मला तेव्हा कळायला हवं होतं. मी झगा कपाटाच्या दाराला हँगरवर टांगला, आणि भोगीच्या सकाळी तिळाची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी डब्यात घेऊन प्रॅक्टिकलला निघून गेले. दिवसभर पोरांच्या परीक्षानळ्यांत कुठला रंग येतोय ते मला दिसत नव्हतं. सगळीकडं काळाच दिसत होता.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. त्या वर्षी माझ्या भावाच्या पोराची पहिली संक्रांत होती, म्हणजे बोरन्हाण. काळं झबलं घालून, हलव्याचे दागिने चढवून पोराला पाटावर बसवायचं आणि त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे. आमच्याकडं ते झबलं दुकानातून आणत नाहीत. ते पोराच्या आत्याच्या कपड्यातून शिवायचं. आत्याचंच कापड पाहिजे, काळंच पाहिजे, आणि नवं चालत नाही. अंगावर वापरलेलं, धुऊन मऊ झालेलं पाहिजे, म्हणजे आत्याची माया पोराच्या अंगाला लागते. पोराची आत्या मी. रीत मला मान्य होती. त्यासाठी माझी एक काळी ओढणी मी कधीच काढून ठेवली होती आणि आईला तसं सांगूनही ठेवलं होतं.

"मग ओढणी कुठं गेली?" मी उंबऱ्यातून ओरडले.

"हिरवट पडलीया ती," आत्या म्हणाली. "बोरन्हाणाला हिरवट चालत न्हाय."

"म्हणून माझा झगा?"

"काळा हाय. वापरलेला हाय, तूच म्हणालीस. पोराच्या आत्याच्या कपाटाला टांगलेला हाय. आनखी काय पायजे?"

मी जवळ जाऊन बघितलं. खालच्या झालरीचे पदर कापून झाले होते. झगा आता जेमतेम गुडघ्याच्या वरपर्यंत उरला होता आणि त्याच्या कडेला दोरे लोंबत होते, पावसात भिजलेल्या कोंबड्याच्या शेपटासारखे. वरचा भाग अजून शाबूत. कात्री कॉलरकडं वळणार तेवढ्यात मी आले होते. कॉलरची पांढरी लेस तिला झबल्याच्या गळ्याला लावायची होती.

मग माझ्या डोक्यात कायदा शिरला. "थांब! रीत काय हाय? आत्यानं वापरलेलं. मी कुठं वापरलंय? मी नुसता घालून बघितला. वापरलाय त्या जपानच्या बाईनं! म्हणजे रीतीनं पोराची आत्या ती झाली. बोलव तिला. तिला पाटाशी उभी कर!"

आत्यानं दोरा दातानं तोडला. "बोलव. जेवून जाईल."

स्वयंपाकघरातून आई हात पुसत आली. "वन्सं, काय झालं?" आणि मग कापड बघून, "अगं बया, कापलं व्हय! जाऊ दे नंदे, आता कापलंय न्हवं? पोराचं शुभकार्य हाय. तोंड वाकडं करू नगं."

"आई, तुला सांगून ठेवलंतं ओढणीचं!"

"व्हय, पर वन्संनी घेतलं हातात. हातातलं कोण काढून घेणार?"

आणि मग आत्यानं ते काढलं, ते अस्त्र. "संतोषच्या येळंला म्या माझी चंद्रकळा फाडलीच की."

संतोष म्हणजे माझा भाऊ, पाटावर बसणाऱ्या पोराचा बाप. त्याच्या बोरन्हाणाला आत्यानं तिची एकुलती एक चंद्रकळा, म्हणजे काळी साडी, फाडून झबलं केलं होतं, नवऱ्यानं घेतलेली. हे खरं आहे आणि हे ऐकून कुणीही डोळ्याला पदर लावील. पण पहिल्यांदा. आमच्या घरात ती चंद्रकळा वर्षानुवर्षं फाटतेय. टीव्हीवर कुठली मालिका लावायची यावर वाद झाला, की चंद्रकळा फाटते. गॅस संपला, की फाटते. एकदा डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलं तर आत्यानं त्यांनाही चंद्रकळेचं सांगितलं आणि बाहेर येऊन जिलेबी खाल्ली. एका साडीचे इतके तुकडे, की जोडले तर बेळगावपासून निपाणीपर्यंत रस्ता झाकला जाईल. माझा राग खरा होता आणि तिची साडीही खरी होती. दोघींपैकी एकीला मागं सरायचं होतं, आणि ती काही सरणारी नव्हती. मी फक्त कॉलरीसकट उरलेला झगा तिच्या हातातून सोडवून घेतला. तेवढं एक युद्ध जिंकले.

चिडायला संक्रांतीसारखा वाईट सण नाही. दुसऱ्या कुठल्याही दिवशी माणूस दार आपटू शकतो, जेवणावरून उठू शकतो. संक्रांतीला ज्याचा गळा धरावासा वाटतो तोच हातात तिळाचा लाडू घेऊन समोर उभा राहतो आणि गोड बोल म्हणतो. समोरच्या कन्नड बाई एळ्ळु-बेल्ल, म्हणजे त्यांचा तिळगूळ, घेऊन आल्या आणि त्यांनी त्यांच्या भाषेत गोड बोलायला सांगितलं. आईनं मराठीत सांगितलं. दोन राज्यांच्या भाषांतून एकाच दिवशी मला गोड बोलायची तंबी मिळाली, आणि माझ्या तोंडात तीळ नव्हते, दातांत वाळू होती. आत्यानं तर स्वतःच्या हातानं लाडू माझ्या तोंडात कोंबला आणि म्हणाली, "चाव."

बोरन्हाण झालं. काळ्या झबल्यात पोरगं इतकं देखणं दिसलं की बोळातल्या बायकांनी एकसुरात 'अगं बाई' केलं. गळ्याला लेस नव्हती तरी तळाला माझी झालर होती, पदरावर पदर. ज्या झालरीसाठी जपानच्या पोरी म्हणे दुकानापुढं पहाटेपासून रांगेत उभ्या राहतात, ती पोरानं दोन्ही मुठींनी धरून तोंडात घातली आणि चघळली. हिरड्यांनी. चवीनं. मग त्यानं झबल्यावरच मुतून घेतलं. बायका हसल्या, "सोन्याचं पाणी पडलं!" म्हणाल्या. मी आत्या म्हणून पाटाशी उभी, साडीत, हातात बोरांचं माप. माप ओतलं. पोरांनी बोरं लुटली. मला वाटलं माझंही काहीतरी लुटलं गेलंय, पण ते कुणाच्या ओच्यात गेलं ते दिसत नव्हतं.

आणि याचा शेवट तिथं झाला नाही, हे खरं दुखणं. त्या दिवसाचे फोटो फिरले. शहापुरात फिरले, खासबागेत फिरले, लेकींच्या सासरी नि सुनांच्या माहेरी फिरले. तेव्हापासून दर वर्षी तीळ दुकानात यायच्या आधी मला बायका अडवतात. "नंदाक्का, तुझं ते पोतं आलं का गं? आमच्या नातीचं बोरन्हाण हाय. काळं निघालं तर आमच्यासाठी बाजूला काढ." परवा एकीनं तर पुढच्या वर्षीचं सांगून ठेवलं, तिच्या सुनेला अजून डोहाळेही लागलेले नाहीत. मी समुद्रापलीकडून पिशव्या मागवते त्या जणू शहापुरातल्या पोरांसाठी. आणि भाग्य बघा, त्यानंतर एकाही पिशवीत काळं निघालं नाही. पिवळं निघतं, सशांचं. गुलाबी निघतं, त्यावर कपबश्या. एका पिशवीत तर चक्क जपानी शाळेचा गणवेश निघाला, तो आमच्या मांजरालाही बसेना. काळा, खांद्यात बसणारा, पोटावर थोडा रागावणारा झगा आयुष्यात एकदाच येतो, आणि तो तळाकडून कात्रीत जातो.

पण त्या संक्रांतीची एक गोष्ट राहिली.

बोरन्हाण आटपलं, बायका गेल्या, पोरगं झोपलं. आई आणि आत्या सांडलेले चुरमुरे वेचत होत्या. खिडकीतून अजून ऊन येत होतं, तिरकं, पातळ, काकवीसारखं. अजून सण होता. अजून काळं चालत होतं. अंधार पडला, की ती मुभा वर्षभरासाठी मिटणार होती, आणि पुढच्या वर्षी मी आणखी एका वर्षानं चाळिशीच्या पलीकडं. मी आतल्या खोलीत गेले, कडी लावली आणि साडी सोडून झगा घातला. जसा उरला होता तसा. लोंबणारे दोरे ओढून तोडले. कॉलर सरळ केली. मोजे चढवले, पहिल्या पिशवीतले, फुलाफुलांचे. उघड्या गुडघ्यांना तेवढाच आडोसा. मग तिळगुळाची वाटी घेतली आणि आई 'अगं' म्हणायच्या आत उंबरा ओलांडला.

बोळ तेवढाच होता, पण त्या दिवशी तो म्हैसूरपर्यंत गेला होता. माझ्या छातीत एक माग बसवल्यासारखा धडधडत होता. पोरं पतंग सोडून बघतील असं वाटलं. पानवाला पानाला चुना लावता लावता थांबेल असं वाटलं. मी मान ताठ ठेवली. फोनमधल्या त्या पोरीसारखी पावलं टाकली. झालर नसली तरी कंबर झालर असल्यासारखी हलवली. देवळाच्या पायरीवर अनसूयाकाकू बसल्या होत्या, बोळातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, जन्मभर मागावर काढलेल्या. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. वाटी पुढं केली नाही. आधी एक गिरकी घेतली, हळूच, अर्धीच.

"काकू," मी म्हणाले, "कशी दिसते?"

काकूंनी माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. आमच्या विणकरांच्या बोळात बघायची पद्धत तशी नाहीच. कपडा डोळ्यांनी नाही, बोटांनी बघतात. त्यांनी झग्याची कड अंगठा आणि बोटाच्या मधे धरली, चोळली, उन्हाकडं धरून उलटी करून बघितली आणि सोडून दिली.

"नायटी बरी हाय," त्या म्हणाल्या. "पर सुती घ्यायची."